'द कॅट कॉन्चेर्टो': पियानो एक, स्टुडिओ दोन

टॉम काळा कोट घालून रंगमंचावर येतो, पियानोसमोर बसतो आणि संगीतकार फ्रान्झ लिस्टची 'हंगेरियन रॅप्सडी क्र. २' सुरू करतो. पियानोच्या आतल्या हातोड्यांवर झोपलेला जेरी जागा होतो. पुढची सहा-सात मिनिटं नुसती आपटाआपटी: झाकणाखाली बोटं चेंगरतात, पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा येतो, कात्री येते. संवाद एकही नाही. एमजीएम स्टुडिओचा हा 'टॉम अँड जेरी' लघुपट १९४७ च्या एप्रिलमध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला, पण ऑस्कर मिळालं ते १९४६ सालासाठीचं. दिग्दर्शक होते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा.

त्याआधी, नोव्हेंबर १९४६ मध्ये, वॉर्नर ब्रदर्सचा 'रॅप्सडी रॅबिट' येऊन गेला होता. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग. त्यात बग्ज बनी, तोच पियानो, तीच रचना आणि त्रास द्यायला उंदीरच. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. रंगीत प्रती तयार करणाऱ्या टेक्निकलर प्रयोगशाळेत एकाचं काम चुकून दुसऱ्याच्या हाती पडलं, अशीही कथा सांगितली जाते. तिचा पुरावा कुणी ठोसपणे दिलेला नाही. माझ्या मते हा शोध चुकीच्या जागी घेतला जातो. ही कल्पना त्या काळी हॉलिवूडमध्ये सगळ्यांच्याच हाताशी होती.

लिस्टची ही रचना १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे दोन भाग आहेत: आधी संथ, भारदस्त 'लासान', मग वेग वाढत जाणारा 'फ्रिस्का'. विलंबित ख्यालानंतर द्रुत यावा, तशी ही चढण. विनोदाला याहून सोयीचं काय असणार? सुरुवातीचा रुबाब मोडण्यासाठीच तर असतो! शेवटाजवळ वादकाने स्वतःच्या मनाने वाजवावं म्हणून लिस्टने जागाही मोकळी सोडली आहे. शिवाय रचना जुनी, म्हणजे हक्कांचे पैसे द्यायला नकोत.

कार्टूनवाल्यांनी ती फार आधी हेरली. १९२९ च्या 'द ऑप्री हाउस'मध्ये मिकी माऊस पियानोवर तिच्याशी झुंजला होता. तेव्हा डिस्नेकडे संगीत पाहणारे कार्ल स्टॉलिंग हे मूळचे कॅन्सस सिटीतल्या चित्रपटगृहातले ऑर्गनवादक. मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या प्रसंगाला चटकन जुळेल अशी सुरावट शोधणं हेच त्यांचं रोजचं काम होतं. पुढे ते वॉर्नरमध्ये गेले आणि 'रॅप्सडी रॅबिट'चं संगीतही त्यांचंच. फ्रेलेंग यांनी तर १९४१ मध्येच 'रॅप्सडी इन रिव्हेट्स'मध्ये याच सुरावटीवर अख्खी इमारत उभारून दाखवली होती. १९४६ च्या ऑस्कर नामांकनांत वॉल्टर लँट्झ यांच्या स्टुडिओचा, संगीतकार शोपँच्या रचनांवरचा पियानोपटही होता. म्हणजे त्या एका वर्षात तीन स्टुडिओंचे प्राणी पियानोवर बसले होते.

मग टॉमचाच पियानो इतका लक्षात का राहिला? माझं उत्तर स्कॉट ब्रॅडली. एमजीएमच्या कार्टूनांचं संगीत त्यांचं. इथे पियानो आधी आणि चित्रं नंतर असा क्रम होता. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी, त्यामुळे प्रत्येक ठोका किती चौकटींचा हे मोजूनच चित्रकारांना कामाला बसावं लागे. केनेथ म्यूझ, एड बार्ज, अर्व्हेन स्पेन्स यांनी टॉमची बोटं पट्ट्यांवरून अशी फिरवली की पियानो शिकलेली माणसंसुद्धा थबकून बघतात. मधेच जेरी हातोड्यांवर नाचत 'ऑन द ॲचिसन, टोपीका अँड द सांता फे' हे ताजं लोकप्रिय गाणं घुसवतो. टॉमला क्षणभर कळतच नाही की हे वाजवतंय कोण. हा विनोद पूर्णपणे संगीतातून घडतो, डोळे मिटले तरी कळेल असा. बग्जच्या चित्रपटात खोकणाऱ्या प्रेक्षकाला गोळी घालण्याचा विनोद धमाल आहे, पण तो संगीताच्या बाहेरचा.

ऑस्करची बाहुली निर्माते फ्रेड क्विम्बी यांच्या हाती गेली. 'टॉम अँड जेरी' मालिकेला मिळालेल्या सात ऑस्करांपैकी हे चौथं. त्या काळी कार्टूनचं पारितोषिक निर्मात्याच्याच नावे दिलं जाई. हॅना-बार्बेरा यांचं नाव पुढे त्यांच्या स्वतःच्या कंपनीमुळे घरोघरी पोचलं. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला आणि ब्रॅडली निवृत्त झाले.