पट्टा, पिशवी आणि कुंपण: कुत्रा फिरवण्याचे नियम आले कुठून

बागेत किंवा मैदानावर कुत्र्यांवरून जी भांडणं होतात ती नीट ऐकली तर फिरून फिरून तीनच असतात. पट्टा का नाही लावला, शी कोण उचलणार, आणि मग आमच्या कुत्र्याने पळायचं तरी कुठे. आपण तिन्ही एका दमात भांडतो म्हणून ते एकच प्रकरण वाटतं, पण ही तिन्ही भांडणं वेगवेगळ्या काळात आणि पार वेगळ्या कारणांनी सुरू झालीत, आणि कुत्र्याला स्वतःला काय हवंय हा प्रश्न त्यात सगळ्यात शेवटी आलाय.

मुळात रोज कुत्रा फिरवायला नेणं हे कामच फार जुनं नाहीये. शिकारीचे, मेंढ्यांमागचे, राखणीचे कुत्रे कामातच दमायचे, आणि बाकीचे दार उघडं दिसलं की आपापले निघायचे, गावभर हिंडायचे आणि भूक लागली की परत यायचे. बाहेर त्याने काय केलं याचा जाब मालकाला सहसा कोणी विचारत नसे. सरकारला कुत्रा आठवायचा तो वसुलीपुरता, ब्रिटनमध्ये १७९६ पासून कुत्र्यांवर कर होता.

हे बदललं ते पिसाळलेल्या कुत्र्यांमुळे. लुई पाश्चरने १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली, त्याआधी पिसाळलेला कुत्रा चावला की फारसं काही करता येत नव्हतं (लक्षणं दिसल्यावर आजही जवळजवळ काहीच करता येत नाही, लस घ्यायची ती त्याआधी). त्यामुळे कुत्र्याची भीती ही अंगावर धावून येईल एवढीच नव्हती, सरळ मरणाची होती. युरोपातल्या शहरांमधून मग अधूनमधून फर्मानं निघायची, कुत्र्याला मुसकं बांधा, दोरीला धरा, नाहीतर पकडून नेऊ. ब्रिटनने १८९७ पासून हे फारच कडकपणे राबवलं. शेती खात्याचे मंत्री वॉल्टर लाँग यांनी मुसक्याची सक्ती केली आणि लोक खवळले, सभा झाल्या, निषेध झाले, शिकारीच्या कुत्र्यांना सूट आणि आमच्या घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मुसकं का, असा त्यातला एक मोठा राग होता, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. पण १९०२ मध्ये ब्रिटनमधून रेबीज गेला. पहिल्या महायुद्धानंतर चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ मध्ये परत आला आणि पुन्हा त्याच जुन्या उपायांनी १९२२ पर्यंत घालवला.

आइसलंडमध्ये तर भीती चाव्याची नव्हतीच. तिथे कुत्र्यांमधून माणसात येणारा एक फीतकृमी होता, ज्याच्यामुळे यकृतात पाण्याच्या मोठाल्या गाठी होतात, आणि राजधानी रेक्याविकने १९२४ मध्ये शहरात कुत्रा पाळायलाच बंदी केली. ती सैल झाली थेट १९८४ मध्ये. म्हणजे साठ वर्षं पट्टा की बिनपट्टा हा वादच नाही, कुत्राच नाही!

शीचं प्रकरण यानंतरचं. मला नेहमी वाटतं की इथे घोड्यांचा उल्लेख व्हायलाच हवा. शहरं टांग्यांवर आणि घोड्याच्या गाड्यांवर चालायची तेव्हा रस्त्यावर लीद एवढी पडलेली असायची की कुत्र्याने केलेलं कोणाच्या नजरेत येणार? मोटारी आल्या, घोडे गेले, रस्ते धुतलेले दिसायला लागले आणि मग कुत्रा उघडा पडला. शिवाय मोटारींमुळे कुत्रा एकटा सोडायचीही सोय राहिली नाही, त्यामुळे आता शी करताना दोरीच्या दुसऱ्या टोकाला मालक हजर असायला लागला, हाही मोठाच फरक. न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं मालकाकडून अपेक्षा एवढीच होती की कुत्र्याला फुटपाथवरून खाली गटाराच्या कडेला न्या, पुढचं झाडूवाला बघेल.

मग डॉक्टर मंडळी आली. १९५० मध्ये हेलेनॉर वाइल्डर यांनी, कॅन्सरची गाठ समजून काढलेल्या मुलांच्या डोळ्यांमध्ये जंतांच्या अळ्या सापडल्याचं मांडलं, आणि १९५२ मध्ये पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातले टॉक्सोकारा जंत मुलांच्या शरीरात कसे भटकतात ते दाखवलं. यातली एक गोष्ट प्रत्येक मालकाला माहीत असायला हवी असं मला वाटतं. या जंतांची अंडी शीबरोबर बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत, मातीत तयार व्हायला त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं तिथेच टिकतात. म्हणजे ताजी शी उचलली तर विषय संपला. आणि "वाळून माती होऊन जाईल की" म्हणून सोडली तर शी दिसेनाशी होते, अंडी तिथेच राहतात, आणि तिथेच मुलं खेळतात.

न्यूयॉर्कमध्ये फ्रॅन ली या बाईंनी सत्तरच्या दशकात हाच मुद्दा धरून रान उठवलं, आधी मुलं मग कुत्री असा त्यांचा सूर. विरोध कडवा होता, आणि गंमत म्हणजे त्यात प्राण्यांवर प्रेम करणारेही होते, त्यांचं म्हणणं की म्हातारी माणसं वाकून शी उचलू शकणार नाहीत आणि कुत्री सोडून देतील. शहराच्या कौन्सिलला काही ते जमेना, शेवटी कायदा राज्याच्या विधिमंडळातून आला आणि १ ऑगस्ट १९७८ पासून लागू झाला. अंध माणसांना सूट होती. आणि चालला की तो! प्रत्येक कुत्र्यामागे पोलीस लावणं शक्यच नव्हतं, दंडापेक्षा काम केलं ते बघणाऱ्यांनी, कारण आता "अहो, ते उचला" म्हणायला शेजाऱ्याच्या हातात कायदा होता. पिशव्यांचंही ऐका, आज आपल्याला पिशवीशिवाय हे काम सुचतच नाही पण तेव्हा लोक वर्तमानपत्राचे तुकडे आणि लांब दांड्याची सुपली घेऊन फिरायचे. हातात धरायच्या बंदांची प्लास्टिकची पिशवी स्वीडनच्या एका कंपनीने १९६५ मध्येच पेटंट केली होती, अमेरिकेतल्या दुकानांत ती सर्रास दिसायला लागली ती ऐंशीच्या दशकात. नियम आधी आला आणि तो पाळायची सोय मागाहून.

पॅरिसने उलटा रस्ता धरला. जॅक शिराक महापौर असताना १९८२ मध्ये मोटरसायकलला व्हॅक्यूम बसवून हिरव्या कपड्यातली माणसं फुटपाथवरची शी ओढून न्यायला लागली. दिसायला भारी, खर्चाला त्याहून भारी, आणि मालकांना आयतंच कारण मिळालं की गाडी येतेय ना मागून. शेवटी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या गाड्या बंद झाल्या आणि मालकांकडून दंड घ्यायला सुरुवात झाली.

इंग्लंड आणि वेल्समधला १९९६ चा कायदा तर मालकांच्या सबबी ओळखूनच लिहिल्यासारखा होता. मला दिसलंच नाही किंवा माझ्याकडे पिशवी नव्हती, ही दोन्ही कारणं चालणार नाहीत असं त्यात स्पष्ट घातलं होतं. ज्याने तो मसुदा लिहिला त्याने बागेत उभं राहून बरंच ऐकलं असणार.

आता तिसरं. पट्टा सक्तीचा झाला, रस्ता मोटारींचा झाला, आणि कुत्र्याचं पळणं बंद झालं. त्याची चाल माणसाच्या चालीएवढी, थांबायचं माणसाला वाटेल तेव्हा, आणि हुंगणं म्हणजे वेळ घालवणं म्हणून दोरीला हिसका. यावर पहिली ठोस सोय म्हणून नाव घेतलं जातं ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ओलोनी डॉग पार्कचं, १९७९ चं, जमिनीखालून रेल्वे नेल्यावर वर जी पट्टी रिकामी राहिली तिथलं. न्यूयॉर्कच्या बागांमध्ये वेगळाच तोडगा निघाला, कुंपणाऐवजी घड्याळ. रात्री ९ पासून बाग बंद होईपर्यंत आणि सकाळी बाग उघडल्यापासून ९ पर्यंत ठरावीक जागी कुत्री मोकळी सोडायची, बाकी वेळ पट्ट्यात, आणि ही वर्षानुवर्षं चाललेली आपसातली समजूत २००७ मध्ये लेखी नियम झाली. मला हा तोडगा कुंपणापेक्षा जास्त शहाणा वाटतो, कारण कुंपणाच्या आत फोनवर बोलत उभ्या असलेल्या मालकांचा कुत्रा कोणाला त्रास देतोय हे त्यांना शेवटी कळतं. अध्येमध्ये १९७३ मध्ये जर्मनीत फ्लेक्सी कंपनीने गुंडाळणाऱ्या दोरीचा पट्टा आणला, त्याने कुत्र्याला लांब जाता यायला लागलं खरं पण आडवी पसरलेली बारीक दोरी सायकलवाल्याला दिसत नाही, हे नवीन भांडण.

पुढे नियम उलट्या बाजूनेही यायला लागले. इटलीतल्या तुरिन शहराने २००५ मध्ये दिवसातून तीनदा कुत्रा बाहेर न नेणाऱ्याला ५०० युरोपर्यंत दंड ठेवला. जर्मनीत २०२० मध्ये रोज दोनदा मिळून किमान एक तास असा प्रस्ताव आला, त्यावर एवढी थट्टा झाली की २०२२ पासून लागू झालेल्या नियमात तासाचा आकडाच उरला नाही, पुरेसं फिरवा एवढंच राहिलं.

आणि "घाबरू नका हो, काही करत नाही तो" या जगप्रसिद्ध वाक्याचं काय? ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यात सार्वजनिक जागी कुत्रा आवरत नसेल आणि समोरच्याला तो इजा करेल अशी वाजवी भीती वाटत असेल तर चावा न घेताही तो गुन्हा धरता येतो. म्हणजे काही केलं की नाही हे मालकाने ठरवायचं नाही. कुत्र्यांच्या बाजूनेही तेच आहे, समोरचा कुत्रा आजारी, घाबरट किंवा नुकताच कुठून तरी सोडवून आणलेला असू शकतो आणि आपला लाडका पळत जाऊन त्याच्या तोंडाला तोंड लावतो. २०१२ च्या सुमाराला स्वीडन आणि कॅनडातून एक पिवळ्या रिबिनीची पद्धत पसरली, पट्ट्याला पिवळी रिबीन म्हणजे याला जरा लांब राहू द्या. अडचण एवढीच की ती रिबीन ओळखणारे मालक सहसा स्वतःचा कुत्रा आधीच आवरून धरणारे असतात, आणि लांबून "काही करत नाही" ओरडत येणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो.