मानवाधिकारांच्या खुर्चीत हक्क तुडवणारे देश येतात तरी कसे? थोडी पार्श्वभूमी

२०२३ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेच्या सोशल फोरमचं, म्हणजे एका चर्चा-बैठकीचं, अध्यक्षपद इराणच्या राजदूताला मिळालं, तेही हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीच्या कोठडीतल्या मृत्यूला वर्षही झालेलं नसताना. अशी बातमी आली की अमेरिका-युरोपातले खासदार चिडतात, पत्रं लिहितात, ठराव आणतात, आणि इकडे ठाणे लोकलमध्ये पेपर वाचणारे काका पण म्हणतात, चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या! काकांचं बरोबरच आहे, पण किल्ल्या देतं कोण ते बघायला जरा मागे जावं लागेल.

१९४६ ला संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार आयोग झाला. अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट, भारताकडून हंसा मेहता, ज्या तेव्हा आपल्या एसएनडीटीच्या कुलगुरू होत्या. पण १९४७ लाच आयोगाने सांगून टाकलं की तक्रारींवर कारवाई करायचा आम्हाला अधिकारच नाही, म्हणजे पत्रं यायची आणि फायलीत जायची. त्यामुळे सभासद कोण याचं कोणाला पडलेलं नव्हतं. १९६७ च्या १२३५ नंबरच्या ठरावाने हे बदललं, वर्णभेदवाल्या दक्षिण आफ्रिकेला धरायचं होतं म्हणून देशाचं नाव घेऊन चर्चा करायची सोय झाली, आणि मग ज्यांना आपलं नाव निघायची भीती, त्यांनाच आत जागा हवीशी वाटायला लागली. चीनचं बघा ना, १९८९ ला तियानआनमेन चौकात आंदोलकांवर गोळ्या चालवल्यानंतर नव्वदच्या दशकात त्यांच्याविरुद्ध ठराव आला रे आला की त्यांचा उलटा प्रस्ताव तयार असायचा, यावर मतदानच नको, आणि तो पास पण व्हायचा. १९९५ ला एकदा तो पडला, तर मूळ ठराव एका मताने हरला.

खासदारांचा मोठा भडका उडाला २००१ ला. अमेरिका स्वतःच आयोगाच्या निवडणुकीत पडली, १९४७ पासून पहिल्यांदा, आणि सुदान मात्र निवडून आला. आठवड्याभरात अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने २५२ विरुद्ध १६५ मतांनी ठरवलं की जागा परत मिळेपर्यंत संयुक्त राष्ट्रांना द्यायच्या थकबाकीतले २४.४ कोटी डॉलर रोखायचे. यात पुढे होते खासदार हेन्री हाइड आणि टॉम लँटोस. लँटोस हे होलोकॉस्टमधून वाचलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं, पण खरं सांगायचं तर राग सुदान आत आल्याचा किती आणि आपण बाहेर पडल्याचा किती, हा प्रश्न उरतोच.

मग २००३, लिबिया. अध्यक्षपद दरवर्षी पाच प्रादेशिक गटांत पाळीपाळीने फिरतं, त्या वर्षी आफ्रिकेची पाळी होती आणि आफ्रिकेने नाव दिलं गद्दाफीच्या लिबियाचं. एरवी अध्यक्ष टाळ्या वाजवून निवडला जायचा, यावेळी अमेरिकेने गुप्त मतदान मागितलं. रिझल्ट काय, तर ३३ बाजूने, ३ विरोधात, १७ तटस्थ! युरोपवाल्यांनी भाषणं भरपूर केली आणि बहुतेकांनी मत दिलंच नाही, आफ्रिकेशी कोण वाकडं घेणार.

संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांना कळून चुकलं होतं की आयोगाची इज्जत गेलीये. त्यांनी सुचवलं की नवीन परिषद करा, छोटी ठेवा आणि सभासद दोन तृतीयांश मतांनी निवडा. २००६ ला परिषद झाली, ४७ जागांची, पण दोन तृतीयांशची अट घासाघाशीत गेली आणि आमसभेतल्या एकूण देशांपैकी निम्म्याहून जास्त मतं, एवढंच राहिलं. गटवार जागा आणि पाळी तर तशीच राहिली.

आता आमच्या घणसोलीच्या सोसायटीत कमिटीच्या जागा जेवढ्या तेवढेच फॉर्म येतात, मग ज्यांचा मेंटेनन्स सगळ्यात जास्त थकलाय तेही बिनविरोध कमिटीवर बसतात, कोणी त्यांना मत दिलेलं नसतं आणि कोणी पाडलेलंही नसतं. परिषदेत मतदान होतं, पण बऱ्याचदा गोष्ट हीच असते. २०१८ ला भारताला १८८ मतं मिळाली, सगळ्यात जास्त, केवढा आनंद झाला आपल्याला, पण आशियाच्या पाच जागांना उमेदवार पण पाचच होते, आणि त्यात बहारीन आणि ड्रग्जविरोधी मोहिमेत हजारो माणसं मारणाऱ्या दुतेर्तेंचं फिलिपिन्सही आरामात आत गेलं. लिबिया २०१० ला याच वाटेने आला, १५५ मतं घेऊन, आणि दहाच महिन्यांत, १ मार्च २०११ ला, निलंबित झाला. रशियाला युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ ला निलंबित केलं तेव्हा ९३ बाजूने, २४ विरोधात, ५८ तटस्थ, आणि त्या ५८ मध्ये आपण.

आपले खासदार यात कधी पडतच नाहीत असं नाही हं. २०१२ ला परिषदेत तमिळांवरच्या अत्याचारांबद्दल श्रीलंकेविरुद्ध आलेल्या ठरावावर द्रमुक-अण्णाद्रमुकच्या खासदारांनी संसदेत एवढा गोंधळ घातला की भारताने चक्क शेजाऱ्याविरुद्ध मत दिलं. पुढच्या वर्षी ठराव अजून कडक हवा म्हणून द्रमुक केंद्र सरकारमधूनच बाहेर पडली. मत तेव्हाही ठरावाच्या बाजूनेच गेलं, पण २०१४ ला परत तटस्थ! म्हणजे दबाव चालतो, पण तो घरच्या राजकारणातून आला तर.

आणि लढत लावली तर निकालही वेगळा लागतो. सौदी अरेबिया परिषदेसाठी २०२० ला उभा राहिला, जागा चार आणि उमेदवार पाच, पडला. ऑक्टोबर २०२४ ला जागा पाच आणि उमेदवार सहा, परत पडला. पण त्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलांविषयीच्या आयोगाचं अध्यक्षपद ठरायचं होतं, तिथे समोर दुसरं नावच नव्हतं. ४५ सभासदांना विचारलं की कोणाची हरकत आहे का, जपान आणि नेदरलँड्स पण त्यात होते. कोणी तोंड उघडलं नाही, आणि सौदीचा राजदूत अध्यक्ष झाला.