पुण्यातल्या संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीला माहिती कशी पाठवायची? पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. एखाद्या मुलाला आत्ता मारहाण होत असेल, कामाला जुंपलं असेल किंवा अल्पवयीन मुलीचं लग्न लावलं जात असेल, तर थेट १०९८ ला फोन करा आणि बाल कल्याण समितीकडे जा. खाली दिलेला मार्ग एका मुलाची सुटका करण्यासाठी नाही. देश आपला शब्द पाळतो की नाही, याची तपासणी त्यातून होते.

तपासणी कोण करतं?

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी बालहक्क करार स्वीकारला. त्यामुळे सरकारला ठराविक काळाने, मूळ नियमानुसार दर पाच वर्षांनी, अहवाल द्यावा लागतो. तो तपासणाऱ्या बालहक्क समितीत १८ तज्ज्ञ असतात. ते चार वर्षांसाठी निवडून येतात आणि कोणत्याही सरकारच्या वतीने बोलत नाहीत. समिती जिनिव्हात कागद वाचते आणि सरकारी शिष्टमंडळाला समोर बसवून प्रश्न विचारते. वाघोलीच्या बांधकामावर ती पाहणीला येणार नाही. सरकारच्या अहवालात योजना आणि तरतुदी असतात. त्याच बांधकामावरचं मूल शाळेच्या दारातून परत का आलं, हे समितीला आपणच सांगायला हवं. कराराच्या कलम ४५ मुळे समितीला बाहेरूनही माहिती घेता येते. अशा माहितीला पर्यायी अहवाल म्हणतात.

पात्रता

सामाजिक संस्था, संस्थांची आघाडी, अभ्यासगट आणि मुलं स्वतःसुद्धा माहिती पाठवू शकतात. संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा, म्हणजे त्यांनी संस्थेला दिलेली अधिकृत मान्यता, लागत नाही, त्यामुळे छोट्या संस्थांनी बिचकू नये. वैयक्तिक तक्रार मात्र भारतातून करता येत नाही. त्यासाठीचा वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे मूळ कराराला जोडलेला पूरक करार, १४ एप्रिल २०१४ पासून लागू आहे, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. पालकांना खोटी आशा लावू नका.

कागदपत्रे आणि पुरावा

अहवाल इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये लागतो, म्हणून मराठी नोंदींचं चांगलं भाषांतर करून घ्या. सोबत संस्थेची थोडक्यात ओळख द्या. अहवाल जाहीर करायचा की गोपनीय ठेवायचा, हे स्पष्ट लिहा. कुणाला त्रास होण्याची शक्यता वाटत असेल तर गोपनीयच ठेवा.

खरा कस पुराव्यात लागतो. ‘स्थलांतरित मुलं शिक्षणापासून वंचित आहेत’ या वाक्यावर समिती सरकारला काहीच विचारू शकत नाही. शाळेने प्रवेश नाकारला असेल तर त्याच दिवशी नोंद करा. तारीख, इयत्ता, शाळा महापालिकेची की खासगी, कोणता कागद मागितला, नकार लेखी दिला का, मुलाकडे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला नव्या ठिकाणी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून देतात ते) होतं का, हे सगळं लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी तो नाकारता येत नाही. अशा नोंदी वेगवेगळ्या वस्त्यांवरून जमल्या की कायदा कुठे अडतोय ते दिसतं.

मुलाचं नाव, फोटो, शाळेचं नाव अहवालात घालू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्याला बंदी घालतं. आणि कायदा नसता तरी हे पाळायलाच हवं.

पुण्यात राहणाऱ्यांना एक मोठा फायदा आहे. शिक्षण आयुक्तालय, महिला व बाल विकास आयुक्तालय आणि साखर आयुक्तालय अशी राज्याची तिन्ही कार्यालयं इथेच आहेत. गाळप हंगाम कधी सुरू झाला, हे साखर आयुक्तालयातून मागवा. त्याच महिन्यांत ऊसतोड कामगारांच्या गावांतल्या शाळांमध्ये मुलांची उपस्थिती किती होती, हे शिक्षण विभागाकडून मागवा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की शिष्टमंडळाला टाळता न येणारा प्रश्न तयार होतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ते आलं नाही तर प्रथम अपील करा.

अहवाल कसा पुढे जातो?

अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन पाठवतात. प्रत्येक देशाच्या तपासणीची मुदत तिथेच जाहीर होते. समिती सरकारला पाठवायची प्रश्नावली ठरवते, त्याआधी माहिती पोचली तर तिचा उपयोग सर्वाधिक. माहिती पाठवणाऱ्यांपैकी काहींना समिती बंद दाराआडच्या बैठकीला बोलावते. तिथे सरकारचे प्रतिनिधी नसतात.

लिहायला बसण्यापूर्वी २०१४ चे भारताबाबतचे समितीचे निष्कर्ष वाचा. बालमजुरीविषयीच्या कलम ३२ ला भारताने करार स्वीकारताना जोडलेलं निवेदन (हे कलम टप्प्याटप्प्यानेच लागू करू, असं सांगणारं) मागे घ्यावं, ही शिफारस त्यात आहे. जुन्या शिफारशीचं पुढे काय झालं, हे आपल्या भागातल्या नोंदींसह दाखवणं मला सर्वांत परिणामकारक वाटतं.

समितीचे निष्कर्ष न्यायालयाच्या हुकुमासारखे बंधनकारक नसतात, दंडही होत नाही. पण ते जाहीर होतात. उच्च न्यायालयातल्या याचिकेत, विधानसभेतल्या तारांकित प्रश्नात किंवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडच्या निवेदनात ते पुढे ठेवता येतात.

आणखी दोन दारं

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा सर्वसाधारण आढावा होतो, त्यासाठीही संस्था निवेदन पाठवू शकतात. भारताचा चौथा आढावा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. त्या फेरीत एका संस्थेला २,८१५ आणि संयुक्त निवेदनाला ५,६३० शब्दांची मर्यादा होती.

बालमजुरीसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मार्ग आहे. तिचे करार क्रमांक १३८ आणि १८२ भारताने १३ जून २०१७ रोजी स्वीकारले. तिथे सामाजिक संस्थेला थेट निवेदन देता येत नाही, ते इथल्या कामगारांच्या किंवा मालकांच्या संघटनेमार्फत द्यावं लागतं. ते १ सप्टेंबरपर्यंत पोचायला हवं, म्हणून बांधकाम किंवा ऊसतोड कामगारांच्या संघटनेशी उन्हाळ्यातच बोलून ठेवा.