मासेमारीचे जुने रीळ : देखभाल आणि वंगण

गळाच्या काठीवर बसवलेले, तंगूस (गळाची दोरी) गुंडाळणारे यांत्रिक रीळ उघडून साफ करणे, झिजलेले भाग बदलणे आणि प्रत्येक भागाला त्याच्या कामाजोगे वंगण देणे, असे या देखभालीचे स्वरूप आहे. विसाव्या शतकाच्या मध्यातली अनेक रिळे पितळी गिअरची आणि पूर्ण सुटी करता येण्याजोगी आहेत. त्यामुळे ती आजही कामाला लावता येतात. जड फिरणाऱ्या रिळात पुष्कळदा मोडलेले काहीच नसते. आत वाळलेले ग्रीस आणि मीठ तेवढे साचलेले असते.

स्वीडनमधील स्वेंग्स्टा गावच्या आबू कंपनीचे ‘अँबॅसेडर ५०००’ हे याचे उत्तम उदाहरण. ही कंपनी १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झाली, पुढे टॅक्सीमीटर बनवू लागली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रिळांकडे वळली. अँबॅसेडर १९५२ चे. त्याच्या रचनेत घड्याळजीची शिस्त दिसते. हँडलच्या बाजूचे तीन स्क्रू बोटांनीच सैल होतात, बाजूची तबकडी निघते आणि स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळलेली फिरकी, हातात येते. चामड्याच्या डबीत रिळासोबत तेल आणि पानाही मिळत असे; मालकाने ते स्वतः उघडावे, हे कंपनीने गृहीतच धरले होते.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा आणि भाग निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडावेत. बारीक स्प्रिंग आणि क्लिपा उडतात, म्हणून त्या पारदर्शक पिशवीत हात घालून काढणे बरे. धातूचे भाग रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासतात. ॲसिटोन प्लॅस्टिक आणि रंग खाते, ते टाळावे.

जुने वंगण पूर्ण काढल्याशिवाय नवे घालू नये, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेले तेल. काळाने तेल निथळते, उडते आणि मागे मेणचट थर उरतो. त्यावर तेलाचा फवारा मारला की रीळ काही दिवस हलके फिरते, पण सुटलेला मळ बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. डब्ल्यूडी-४० हा द्रव १९५३ मध्ये ओलावा हटवण्यासाठी तयार झाला. गंजलेला स्क्रू सोडवायला तो चांगला, पण गिअरचे कायमचे वंगण म्हणून अपुरा.

मुख्य गिअर आणि त्याला जुळणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, यांच्या दातांना ग्रीसचा पातळ थर पुरतो. स्पूलच्या दोन्ही टोकांच्या बुशांना (दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्यांना) मात्र तेलच हवे, तेही एकेक थेंब. शिलाई मशीनचे तेल इंजेक्शनच्या सुईने सोडले तर हात आवरता राहतो. इथे ग्रीस भरले की स्पूल जड होते आणि फेक आखूड पडते. तंगूस समान पसरवणाऱ्या आट्यांच्या दांड्यालाही हलके तेल द्यावे, कारण तो उघडा असतो आणि ग्रीसला वाळू चिकटते. हँडल उलटे फिरू न देणारा खटका जवळजवळ कोरडा ठेवावा. त्यावर घट्ट ग्रीस बसले तर तो वेळेवर दातात पडत नाही, आणि मोठा मासा ओढत असताना हँडल बोटांवर आदळते. स्पूल फेकताना आवरणाऱ्या छोट्या ब्रेक-गुटक्यांनाही तेल लागू देऊ नये. त्यांची पकड घर्षणावरच चालते.

ड्रॅग, म्हणजे मासा जोरात पळाला की तंगूस दाबाखाली सोडणारी वॉशरांची चवड, वेगळी हाताळावी लागते. साधे तेल मुरलेले फायबर वॉशर धक्के देत सरकतात आणि तंगूस तुटते. ते पुसून कोरडे बसवावेत किंवा कार्बनचे नवे घालावेत. कार्बनच्या वॉशरांना ड्रॅगसाठीचे खास ग्रीस चालते, तेही पुसटच.

खारे पाणी हा रिळाचा खरा शत्रू. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा स्क्रू असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते, पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतो. पितळेवर हिरवा कळंक चढतो. म्हणून आट्यांना ग्रीसचा हात फिरवून मगच स्क्रू बसवावेत. कोकणच्या खाडीत गरवून आल्यावर रीळ नळाच्या जोराच्या धारेखाली धरू नये, कारण मीठ त्या पाण्यासोबत आत शिरते. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसावे, सावलीत वाळवावे आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा. आवळून ठेवल्यास वॉशर दबून एकमेकांना चिकटतात.