अर्धशिशी (मायग्रेन): प्रकार आणि लक्षणं

अर्धशिशी म्हणजे पुन्हापुन्हा उलटून येणारी, बहुतेकदा डोक्याच्या एका बाजूला ठणकणारी डोकेदुखी. 'मायग्रेन' हा शब्द ग्रीक 'हेमिक्रेनिया' म्हणजे अर्धी कवटी, यावरनं लॅटिन-फ्रेंच करत आला, आणि आपला शब्दही बहुधा संस्कृत 'अर्धशीर्ष' घासून घासून झालेला, म्हणजे दोन्हीकडे नाव अर्ध्या डोक्यावरूनच पडलं. पण बऱ्याच जणांचं अख्खं डोकं दुखतं, तेव्हा नावावर जाऊ नये.

मुंबईत घरोघरी तिसरंच नाव चालतं, पित्त. उन्हातनं, भरल्या लोकलमधनं उपाशीपोटी घरी आलेली बाई बेसिनपाशी उलटी करते, पडदे ओढून, कपाळाला ओढणी करकचून बांधून पडते आणि सगळे म्हणतात, पित्त पडलं, आता डोकं उतरेल. काहींचं उतरतंही. पण उलटी हे अटॅकचंच लक्षण आहे, कारण नव्हे.

आयुर्वेदातला अर्धावभेदक तो हाच, असं साधारण मानतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 11 शिरोरोगांत तो येतो; पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक उठतो, तिन्ही दोषांमुळे होतो असं तिथे म्हटलंय. चरकसंहिता मात्र नुसता वात किंवा वात-कफ धरते. म्हणजे एकट्या पित्तावर खापर दोघंही फोडत नाहीत! उत्तरतंत्र हा भाग नंतर जोडलेला असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, त्यामुळे वर्णनाचा काळ नेमका सांगणं धोक्याचं. शेजारचाच 'सूर्यावर्त', सूर्याबरोबर चढणारा आणि संध्याकाळी ओसरणारा, हाही काही जण मायग्रेनमध्येच घालतात; पण ते वर्णन कपाळातल्या सायनसच्या दुखण्याला जास्त जुळतं. सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायचा घरगुती उपायही या सूर्याच्या हिशोबातनंच आला असावा.

डोकेदुखीच्या प्रकारांचं आजचं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय आहे, त्याची तिसरी आवृत्ती 2018 ची. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार ऑराशिवायचा, म्हणजे दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकण्यासारखी पूर्वसूचना न देणारा: उपचार न घेतल्यास 4 ते 72 तास दुखणं, ठणका, जिना चढलं तरी वाढणं, मळमळ, उजेड-आवाज नकोसा होणं. निदानाला असे किमान 5 अटॅक लागतात.

ऑरासकट प्रकारात दुखण्याआधी बहुधा डोळ्यांपुढे खेळ सुरू होतो. प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर बघताना गाडीची वेळ दिसते पण एस की एफ, म्हणजे स्लो की फास्ट, तेवढंच दिसत नाही, मग त्या रिकाम्या जागेभोवती किल्ल्याच्या तटासारखी चमकती नागमोडी कड पसरत जाते, 5 ते 60 मिनिटं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॅशलीने 1941 मध्ये स्वतःच्याच ऑराची चित्रं मांडून हिशोब केला, की मेंदूत काहीतरी मिनिटाला 3 मिलिमीटर वेगाने सरकतंय. 1944 मध्ये ब्राझीलच्या लिआओ या संशोधकाने सशांच्या मेंदूत तशीच मंद लाट दाखवली. ऑरा रक्तवाहिन्या आकसल्यामुळे आणि दुखणं त्या फुगल्यामुळे, ही अमेरिकन डॉक्टर वुल्फची मांडणी पुष्कळ वर्षं टिकली, अजून काही डॉक्टर पेशंटला तेच सांगतात. आता मात्र ऑराला ती लाट आणि दुखण्याला ट्रायजेमिनल (चेहऱ्या-डोक्याची संवेदना मेंदूला पोचवणारी) नस व सीजीआरपी हे रसायन, हाच खुलासा जास्त पटणारा आहे.

बाकीचे प्रकार थोडक्यात. हेमिप्लेजिकमध्ये एका बाजूची ताकद तात्पुरती जाते, पहिल्यांदा झालं तर पॅरालिसिस धरूनच ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. रेटिनलमध्ये एकाच डोळ्याचं दिसणं बिघडतं. व्हेस्टिब्युलरमध्ये चक्कर, मुलांत नुसतं पोट दुखणारा ॲब्डॉमिनल. पाळीच्या आधी दोन दिवस ते पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत येणारा मासिक. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ डोकं दुखत असेल आणि त्यातले निदान 8 दिवस मायग्रेनचे असतील तर तो क्रॉनिक. पण त्यात पर्समधल्या पेनकिलरचाही हात असू शकतो, कारण साध्या गोळ्याही महिन्यात 15 दिवस पोटात जायला लागल्या की त्यांचीच वेगळी डोकेदुखी सुरू होते.