येर्गाचेफेच्या धुतलेल्या कॉफीमागचा इतिहास

अरेबिका कॉफीचं मूळ घर म्हणजे इथिओपियाच्या नैऋत्येकडची जंगलं. तिथली जुनी रीत साधी होती: फळं तोडायची, सालीसकट उन्हात वाळवायची आणि मग कांडून बी मोकळी करायची. आज येर्गाचेफेची कॉफी फुलांच्या नि लिंबाच्या ज्या वासासाठी नावाजली जाते, तो खुलवणारी धुण्याची पद्धत या भागात आली ती १९७०च्या दशकात.

येर्गाचेफे हे दक्षिणेतल्या गेदेओ भागात. उंची साधारण १,७०० ते २,२०० मीटर. बहुतेक शेतकऱ्यांकडे हेक्टरभरही जमीन नसते. केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेटमध्ये आणि मोठ्या वृक्षांच्या सावलीत कॉफीची झाडं वाढतात. थंडाव्यामुळे फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट भरते. ऑक्टोबरच्या सुमारास तोडणी सुरू झाली की लाल फळं शक्यतो त्याच दिवशी वॉशिंग स्टेशनवर पोचवावी लागतात.

तिथे यंत्र साल काढतं. बियांना चिकटलेला गर सुटावा म्हणून त्या हौदात साधारण दीड-दोन दिवस आंबवतात आणि मग वाहत्या पाटात घुसळून धुतात. हलक्या बिया पाण्याबरोबर पुढे जातात, जड मागे राहतात. प्रतवारी पाणीच करतं. पुढे जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीच्या मांडवांवर दहा-पंधरा दिवस वाळवण चालते. बायका ओळीने उभ्या राहून डागी दाणे वेचतात, कडक ऊन पडलं की माल झाकतात. चवीचं श्रेय सगळे माती आणि उंचीला देतात. या वेचणाऱ्या हातांना ते फार कमी मिळतं, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो.

शेतकऱ्याच्या नावाचंही तेच झालं. १९७४ साली आलेल्या दर्ग या लष्करी राजवटीने पुढच्याच वर्षी जमिनी सरकारजमा केल्या, कॉफीच्या व्यापारावरही पकड बसवली. १९९१मध्ये ती कोसळल्यावर खासगी व्यापाराला वाव मिळाला, सहकारी संघही उभे राहिले. शेजारच्या ओरोमिया प्रांताचा संघ १९९९चा. २००८मध्ये अदिस अबाबात कमोडिटी एक्स्चेंज, म्हणजे शेतमालाचा सामायिक बाजार, आलं आणि बहुतेक कॉफी त्यातूनच विकणं सक्तीचं झालं. भाव सर्वांना कळू लागले, पण प्रदेश आणि प्रत पाहून माल एकत्र होई, त्यात स्टेशनचं नाव पुसलं जाई. थेट निर्यातीची मुभा असलेले सहकारी संघ तेवढे यातून सुटले. २०१७च्या सुधारणांनंतर माल कुठल्या स्टेशनचा, हे खरेदीदाराला पुन्हा कळू लागलं.

ओढ्यांचा प्रश्न मात्र बाकी आहे. धुण्याचं आंबट सांडपाणी तसंच सोडलं की खालच्या गावांचं पाणी नासतं. ते मुरवून गाळण्यासाठी काही स्टेशनांनी वाळ्याची लागवड केली आहे.