टोकोआचं मातीचं धरण आणि धोक्याची वर्गवारी

अमेरिकेत लहान खासगी धरणांना जो धोक्याचा वर्ग दिला जातो, तो धरण किती मजबूत आहे यावरून ठरत नाही. धरण फुटलं तर खाली काय होईल, एवढंच त्यात पाहिलं जातं. माणसं दगावण्याची शक्यता असेल तर ‘जास्त’ धोका. जीवितहानी होणार नाही, पण रस्ते, पाणी-वीज, मालमत्तेचं मोठं नुकसान होईल तर ‘लक्षणीय’. नुकसान मुख्यतः मालकाच्याच जागेपुरतं असेल तर ‘कमी’. म्हणजे ठणठणीत धरण पहिल्या वर्गात आणि मोडकळीला आलेलं शेवटच्या वर्गात असू शकतं. अशी धरणं सरकारी तपासणीखाली आली, ती मात्र माणसं मेल्यावरच.

जॉर्जिया राज्यातल्या टोकोआजवळचं केली बार्न्स धरण हे त्यातलं सर्वांत वेदनादायक प्रकरण. १८९९ च्या सुमारास छोट्या वीजघरासाठी तिथे दगडांनी भरलेल्या लाकडी सांगाड्यांचा बांध घातला गेला. १९३७ मध्ये तिथल्या बायबल शिक्षणसंस्थेने विजेसाठीच त्यावर मातीचा भराव घालायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर उंची आणखी वाढवली, ती सुमारे ४० फुटांवर गेली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि उरलं ते फिरायला, मासेमारीला तळं. धरणातून उत्पन्न बंद झालं की देखभालीचा खर्च मालकाच्या जिवावर येतो. लहान धरणांची हेळसांड बहुतेक इथूनच सुरू होते.

६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे दीडच्या सुमारास, मोठ्या पावसानंतर, भराव फुटला. पाणी १८६ फुटी टोकोआ धबधब्यावरून खाली त्याच संस्थेच्या महाविद्यालयाच्या आवारात घुसलं. लोक झोपेत होते. ३९ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती.

चौकशी मंडळाला एकच एक कारण सांगता आलं नाही. पण जे सापडलं ते पुरेसं बोलकं आहे. खालच्या अंगाचा उतार काही ठिकाणी जवळजवळ एकास एक होता, म्हणजे जेवढी उंची तेवढाच पाया. पाझराने भिजलेली माती इतक्या उभ्या उतारावर टिकत नाही. १९७३ च्या एका छायाचित्रात त्याच बाजूला सुमारे १२ फूट उंच आणि ३० फूट रुंद भाग घसरलेला स्पष्ट दिसतो. चार वर्षं ती खूण उघड्यावर होती. जाणत्या अभियंत्याने धरणावरून एक चक्कर मारली असती, तर ती नजरेतून सुटली नसती असं मला वाटतं.

कायदा तोवर झालेला होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक इथे कोळसा कंपनीचा खाणगाळाचा बांध फुटून १२५ माणसं मेली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय धरण तपासणी कायदा आला. लष्कराच्या अभियंता दलाने धरणांची यादी केली, पण प्रत्यक्ष तपासणीला पैसा मिळाला नाही. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी, ते स्वतः जॉर्जियाचे, केंद्राच्या मालकीबाहेरची ‘जास्त धोक्याची’ धरणं तपासण्याचा आदेश दिला. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणं पाहून झाली. त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली! जॉर्जियाने स्वतःचा धरण सुरक्षा कायदा १९७८ मध्ये केला.

तरी वर्गवारीतली एक फट राहिलीच. हवाईतल्या कौआई बेटावरचं का लोको हे उसाच्या सिंचनासाठी १८९० मध्ये बांधलेलं मातीचं धरण, तेही खासगी. सरकारी नोंदीत त्याचा धोका ‘कमी’ होता. १४ मार्च २००६ रोजी ते फुटलं आणि खाली राहणारे सात जण वाहून गेले. खोऱ्यात घरं होती, नोंदीत त्यांचा धोका उमटलेला नव्हता.

म्हणून वर्ग एकदा ठरवून भागत नाही. जॉर्जियात दोनच वर्ग आहेत: फुटल्यास माणसं मरण्याची शक्यता असलेली धरणं पहिल्यात, बाकीची दुसऱ्यात. दुसऱ्या वर्गातल्या धरणाखाली, पुराच्या वाटेत, कोणी नवं घर बांधलं तर भरावाची एक पाटी माती न हलताही ते धरण पहिल्या वर्गात जाऊ शकतं. मग सांडवा वाढवणं, उतार सपाट करणं, झाडं काढणं हा सगळा खर्च धरणमालकावर येतो, घर बांधणाऱ्यावर नाही.